पाणी लावायचं नाही

जेजुरकर मॅडमनी काडेपेटीएवढी डबी टेबलावर ठेवली
आणि म्हणाल्या, गांगुर्डे मामा, याला पाणी लावायचं नाही.

एकतीस वर्षं दगड कापतोय मी.
पांडवलेण्याचा कातळ, चांदवडच्या घाटातला,
अंजनेरीच्या कड्याखाली पडलेला,
पोरं पिशवीत भरून आणतात, मी चकती करून देतो,
तीस मायक्रॉन. खालचं वर्तमानपत्र वाचता येतं तिच्यातून.
सगळ्याला पाणी लागतं. करवतीला लागतं, घासायला लागतं.
नाशकात तर माणूससुद्धा शेवटी पाण्यातच घालतात.

हा काळा.
नाकाशी धरला तर डांबराचा पुसट वास.
आपला कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, मॅडम म्हणाल्या,
हा साडेचारशे कोटींच्याही पलीकडचा.
मी खिडकीच्या दगडी उंबऱ्याकडे पाहिलं.
कालचं पोर.

कार्बोरंडमचा डबा काढला, तर तोही नको.
सिलिकॉन कार्बाइड याच्या पोटातच आहे म्हणे,
सूर्य पेटायच्या आधी मेलेल्या ताऱ्यांचं.
कण इतके बारके, की तुमचं कुठलं, त्याचं कुठलं,
मग कळणार नाही, मामा.
मग हिऱ्याची पेस्ट? हिरेही आहेत.
ॲल्युमिना? मॅडम हसल्या. तीही.
घासायचं म्हणून जे जे माझ्या कपाटात होतं
ते आधीच आत जाऊन बसलेलं.

माझा भाऊ दौलत सातपूरला ग्राइंडिंगवर होता.
बावीस वर्षं. रुमालात काळं यायचं.
तो घडी घालून खिशात ठेवायचा.
डब्यावर हेच नाव होतं,
ताऱ्याचं काही छापलेलं नव्हतं.
त्याला रामकुंडावर नेला तेव्हा गुरुजी म्हणाले, इथं हाडं विरघळतात.
धुळीचं काही बोलले नाहीत.

शेवटी ॲल्युमिनाच घेतली, आणि बिनपाण्याचं अल्कोहोल.
चार दिवस लागले. दोनदा तुटली.

काचेखाली थेंब दिसले. खसखशीएवढे, गोल,
कधीतरी वितळून लोंबकळत गोठलेले.
ऑलिव्हिन. टेबल फिरवलं की निळं, मग गुलाबी, मग विझतं.
प्रत्येकाभोवती धुळीची झूल.
एक पांढरा वेडावाकडा तुकडा, स्पिनेलचा, हिबोनाइटचा,
तो सगळ्यांत थोरला, मॅडम हळूच म्हणाल्या,
झोपलेल्या माणसाबद्दल बोलावं तशा.
मॅग्नेटाइट थोडं. आणि टोचिलिनाइट,
ज्यात लोखंड-गंधकाचा एक थर, पाण्याच्या वंशाचा एक थर,
असे पापुद्रे, पुऱ्याच्या लाटीसारखे.

बाकी सगळी माती.
सर्पेंटाइन म्हणतात तिला, पाऊण दगड तीच.
ऑलिव्हिनला पाणी लागलं की ती होते.
मी म्हटलं, म्हणजे याला पाणी लागलंय?
लागलंय, मामा. अजून आहे अंगात. शेकडा दहा.
गोदावरी नव्हती, हा डोंगर नव्हता, तेव्हाचं.

मग कडेला पांढरी रेघ दिसली.
मॅडम खुर्ची ओढून बसल्या. बराच वेळ बोलल्या नाहीत.
मीठ. जुलाबाचं असतं तसलं, एप्समचं.
आकाशातलं नव्हे. देवरे सरांच्या कपाटातलं.
डबीचं झाकण कधी घट्ट बसलंच नाही,
एकोणीस पावसाळे कॉलेज रोडची दमट हवा
तो चोरून पीत राहिला,
आणि आतलं गंधक फुलून बाहेर आलं.

संध्याकाळी तक्ता झाला.
सर्पेंटाइन इतके टक्के, ऑलिव्हिन इतके,
पायरोक्सिन, कॅल्साइट, ओळख न पटलेले दोन.
मिठाला रकाना नव्हता.
शेऱ्यात मॅडमनी लिहिलं: नंतरचे.

त्या गेल्यावर मी चाकावरची काळी पूड फडक्यात टिपली,
घडी घातली, खिशात ठेवली.
बेसिनचा नळ टपकत होता.
तिकडे गेलो नाही.